फुगडी शिकण्याआधी

फुगडी कुणी शिकवत नसे, ती यायची. थोरल्या बहिणीने नाहीतर शेजारच्या ताईने हात धरले, अंगणात चार फेऱ्या झाल्या, कधी कोपर सोललं, कधी बांगड्या फुटल्या, आणि दोन-तीन वर्षांत आपणच एखाद्या धाकटीचे हात धरून उभ्या असायचो. त्यामुळे झालं असं की, या खेळाची गाणी लिहून ठेवली गेली आणि खेळ लिहायचा राहून गेला. काका कालेलकर आणि आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या नरखेडचे वामन चोरघडे यांनी ‘साहित्याचे मूलधन’मध्ये लोकगीतं जमवली. पुढे सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या कामातून बायकांच्या ओठांवरचं किती तरी धन छापून ठेवलं. या मंडळींचे उपकार फिटणारे नाहीत. पण पाय कुठे रोवायचा, भार कुठे टाकायचा, थांबायचं कसं, हे कागदावर फारसं उतरलं नाही. ज्या बाया गाणी सांगत होत्या, त्यांना ते सांगण्यासारखं वाटलंच नसणार. चालायचं कसं हे तरी कोण सांगतं?

आज मात्र ते सांगावं लागतं. नागपूरच्या महाल भागातल्या वाड्यांमधून मनीषनगर, बेसा, हुडकेश्वरकडच्या फ्लॅटमध्ये आलेल्या घरांत अंगण उरलं नाही, आणि हात धरणारी थोरली बहीणही बहुतेक घरांत उरली नाही. भुलाबाईची चार गाणी मोबाइलवर सापडतात. फुगडी तशी सापडत नाही. व्हिडिओत दोघी गरगर फिरताना दिसतात. पण त्यांच्या हातांत काय चाललंय, ते पाहणाऱ्याला कळत नाही. ते कळावं म्हणून हे पुस्तक.

नागपूरकडे फुगडीचे दिवस मुख्यतः दोनदा येतात. श्रावणातल्या मंगळवारी नवविवाहितेची मंगळागौर असते आणि तिची रात्र जागवायला खेळ लागतात. दुसरे दिवस भुलाबाईचे. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून आश्विनातल्या कोजागरीपर्यंतचा हा महिना विदर्भातल्या मुलींचा. पुण्याकडे भोंडल्याला पाटावर हत्तीचं चित्र मांडून त्याच्याभोवती फेर धरतात. आमच्याकडे भुलाबाई आणि भुलोजी मातीचे असतात, शिव-पार्वतीचं रूप, कोनाड्यात नाहीतर टेबलावर मांडलेले. संध्याकाळी मुली घरोघरी जातात, टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात, डबा हलवून आतला खाऊ ओळखतात. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मखर उभा राहतो आणि भुलाबाई सासरी निघते. गाणी बहुतेक बसून होतात. ती संपत आली की एखादी उठते, दुसरीला ओढते, आणि मग फुगड्या. आमच्या घरी नियम होता, फुगडी आधी आणि खाऊ नंतर. आज शिकवायला लागल्यावर त्या नियमातलं शहाणपण पुरतं पटलेलं आहे. भरल्या पोटी गरगर फिरलेल्या मुलीचं काय होतं ते सांगायला नको.

या पुस्तकात टिपरी नाही, गोफ नाही, झिम्मा आणि पिंगाही नाही. ते सगळे सुंदर प्रकार आहेत आणि त्यांच्यावर स्वतंत्र लिहिलं पाहिजे. मी फक्त फुगडी घेतली, कारण दोघींशिवाय तिच्यात काहीच नाही. टिपरी हातात असते, गोफाला दोऱ्या असतात, पिंग्याला गाणं लागतं. आमच्या पूर्वेला गडचिरोली-गोंदियाकडे गोंड बायका रेला नाचतात. तिथे हातात हात गुंफलेली लांब रांग असते आणि एखादीचं पाऊल चुकलं तरी रांग तिला सावरून नेते. फुगडीत सावरायला दुसरी एकटीच असते, आणि तिलाही सावरायला पहिली एकटीच.

आता मुख्य गोष्ट. समोरासमोर उभं राहायचं. उजव्या हाताने तिचा उजवा, डाव्याने डावा, म्हणजे हातांची फुली होते. चवडे तिच्या चवड्यांना जवळजवळ भिडलेले. इथपर्यंत सगळ्यांना जमतं. यानंतर मागे जायचं असतं आणि नवखी तिथेच अडते. तिचे कोपर वाकतात, ती जोडीदारणीला स्वतःकडे ओढते, कंबरेत मोडते आणि नजर पायांकडे लावते. पडण्याच्या भीतीने केलेल्या या चारही गोष्टी तिला पाडायलाच मदत करतात.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही फुगडी शिकतो-शिकवतो, तिथे एका संध्याकाळी पाहिलेलं सांगते. भंडाऱ्याकडच्या एक काकू, सत्तरीच्या, सुती लुगडं खोचून उभ्या होत्या. समोर एका कंपनीत नोकरी करणारी तरुण मुलगी. मुलगी काकूंना धरून होती म्हणण्यापेक्षा लटकून होती म्हणावं लागेल. काकू म्हणाल्या, “अवं, वढून कायले राह्यली? हात सरळ सोड. मांगं पड. मी हाओ ना धरून.” मुलीने कोपर सरळ केले, पण खांदे अजून कानाशी. काकूंनी पाय जागचा हलवला नाही, नुसत्या स्वतः मागे झुकल्या. त्यांचा भार हातांत आल्याबरोबर मुलीला मागे जाण्यावाचून इलाज उरला नाही. तिच्या टाचा किंचित उचलल्या गेल्या, हनुवटी वर झाली, वेणी पाठीवरून सुटून मोकळी लोंबायला लागली. दोघी तशाच तिरप्या, स्थिर. अजून एकही फेरी झाली नव्हती आणि फुगडी लागलेली होती. मग काकूंनी डावा पाय सरकवला.

पुस्तकातलं पहिलं प्रकरण एवढ्यावरच आहे: न फिरता मागे झुकणं. ज्यांना लवकर फिरायचं असतं त्यांना हे कंटाळवाणं वाटेल, तरी ते टाळू नये. हात इथे दोरीचं काम करतात. दोरी ओढत नाही, ती ताणली जाते. ओढायला लागलं की दंड भरून येतात, दम जातो आणि फिरण्याची लय मोडते. ताण पकडला की हातांना फार कष्ट पडत नाहीत. भार हाडांवरून, खांद्यांवरून, पाठीवरून खाली पायापर्यंत जातो.

त्या ताणाचं गणित एकदा समजून घ्यावं, कारण ते समजलं की भीतीला कारण मिळतं आणि मग तिच्यावर उपायही मिळतो. मध्यम वेगाने, समजा दीड सेकंदाला एक फेरी या वेगाने, दोघी फिरत असतील तर प्रत्येकीच्या हातांवर साधारण तिच्या स्वतःच्या वजनाइतकी ओढ येते. वेग दुप्पट केला तर बाहेर फेकणारी ओढ चौपट होते. म्हणून वेग वाढवताना पकड आधी आणि पाऊल नंतर. घामाने तळवे निसरडे होतात, तेव्हा नुसत्या बोटांवर भिस्त ठेवू नये, मनगटाजवळ पकडावं. अंगठ्या काढून ठेवाव्यात. काचेच्या बांगड्या वर सारून वर रुमाल बांधायची जुन्या बायकांची रीत होती, ती अजूनही चांगली.

दोघींच्या वजनात फरक असेल तर काय, हा प्रश्न दर वेळी येतो आणि तो विचारणारी बहुतेक वेळा स्वतःच्या अंगाबद्दल संकोचलेली असते. तिला माझं सांगणं असतं की फुगडीला सारख्या वजनाच्या बायका लागत नाहीत. दोघींचा मिळून एक मध्य असतो आणि त्याच्याभोवती दोघी फिरतात. जी हलकी असते तिने जास्त मागे जायचं, जी भारी असते तिने जरा सरळ उभं राहायचं. आजी आणि नातीची फुगडी याच हिशेबाने जमते. नात जवळजवळ आडवी होते आणि आजी सरळ उभी राहून नुसता पाय सरकवत असते. ज्या बाईला वाटतं आपण जाडजूड, आपल्याशी कोण खेळणार, ती प्रत्यक्षात फार चांगली जोडीदारीण ठरते, कारण तिच्या हातांत समोरचीला निर्धास्त वाटतं.

पायांचं सांगायचं तर उजवा पाय खुंटा आणि डावा पाय ढकलणारा. उजवा चवडा जागेवर थोडा थोडा वळत राहतो, डावा छोट्या छोट्या पावलांनी जमीन मागे सारतो. पाऊल मोठं टाकलं की दोघींचा मध्य हलतो आणि फुगडी अंगणभर भटकायला लागते. नजर जोडीदारणीच्या चेहऱ्यावर ठेवायची. हे लाजण्या-बिजण्याचं काम नाही, याला शरीरातलं कारण आहे. आजूबाजूच्या भिंती, झाडं, माणसं गरगरत असतात. तुमच्या दृष्टीने एकटा तिचा चेहरा स्थिर असतो. भिंतीकडे पाहिलं की भोवळ येते. थांबल्यावरही जग फिरत राहतं, कारण कानाच्या आतल्या नळ्यांमधला द्रव लगेच थांबत नाही. म्हणून थांबताना हात सोडायचे नाहीत. वेग उतरवत आणायचा, सरळ व्हायचं, आणि दोघींनी एकमेकींना धरून उभं राहायचं. अपघात फिरताना होतात त्यापेक्षा थांबताना जास्त होतात, आणि ते एकीने आधी हात सोडल्यामुळे होतात.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की साध्या खेळाचं मी शास्त्र करते आहे. मला तसं वाटत नाही. इंग्लंडमध्ये जॉन प्लेफोर्ड नावाच्या प्रकाशकाने १६५१ साली गावाकडच्या जोडीनृत्यांचं पुस्तक छापलं, त्यात चाली आणि नाचाच्या सूचना दोन्ही दिल्या. त्या नाचांची पुढची पिढी अमेरिकेत गेली आणि तिथे आजही कॉन्ट्रा नावाने नाचली जाते. तिच्यात जोडीने फिरण्याची जी रीत आहे ती आमच्या फुगडीची सख्खी बहीण शोभावी: उजवे पाय शेजारी शेजारी, डाव्याने ढकलायचं, नजर एकमेकांवर. तिथले शिकवणारेही नवख्याला पहिल्यांदा हेच सांगतात की जोडीदाराला आपला भार द्या. दोन मुलखांतल्या माणसांनी एकमेकांना न विचारता तेच शोधून काढलं, कारण दोन देहांना एकत्र फिरायचं तर दुसरा मार्ग नाही. फरक इतकाच की त्यांच्याकडे तीनशे वर्षांहून जुनं पुस्तक आहे. आमच्याकडे काकू आहेत, आणि काकू दर वर्षी कमी होत आहेत.

गेल्या काही वर्षांत मंगळागौरीचे खेळ करून दाखवणारे बायकांचे गट महाराष्ट्रभर तयार झाले, नागपुरातही झाले. २०२३ साली केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ हा चित्रपट आला. त्यातल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेत उतरतात. तो पाहून किती तरी घरांत या खेळांबद्दल नव्याने बोलणं झालं. या गटांनी फार मोलाचं काम केलं आहे. बसफुगडी, दंडफुगडी, एकहाती फुगडी, नखुल्या, जातं, कासव, त्रिफुला, चौफुला ही नावं आणि त्यांच्या रीती त्यांनी जिवंत ठेवल्या. पन्नाशीच्या बाया गुडघ्यांची कुरकुर बाजूला ठेवून उकिडव्या बसतात आणि आळीपाळीने पाय पुढे झटकत बसफुगडी घालतात, तेव्हा मला त्यांचा मनापासून अभिमान वाटतो.

पण एक गोष्ट मला खटकते. रंगमंचावर फुगडीला प्रेक्षकांकडे तोंड करावं लागतं, आणि फुगडीला समोरची बाजूच नसते. १९८६ पासून नागपुरात दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. त्याच्या मंचावर वेगवेगळ्या राज्यांची लोकनृत्यं आपण नागपूरकर हौसेने पाहत आलो. त्यातले बरेच नाच लांबून पाहायला शोभतात: रांगा, रंग, ढोल, उड्या. फुगडी लांबून पाहिली तर दोन बाया गरगर फिरताहेत एवढंच दिसतं. मग ती शोभावी म्हणून एकसारखी नऊवारी येते, ध्वनिमुद्रित गाणं येतं, दहा जोड्या एकाच वेळी सुरू होऊन एकाच वेळी थांबतात, आणि सगळं आठ-दहा मिनिटांत बसवलं जातं. ठरलेल्या गाण्याच्या वेगाने फिरायचं म्हटलं की जोडीदारणीचा वेग ऐकणं सुटतं. खरी फुगडी वेग ठरवून सुरू होत नाही. दोघींपैकी एक थोडं वाढवते, दुसरी साथ देते किंवा देत नाही. तोंडाने पकवा, म्हणजे फुगडीच्या ठेक्यावरचा आवाज, घालताना तिच्या श्वासावरून कळतं की अजून दम आहे की नाही. एक जण हसायला लागली की दुसरीलाही हसू येतं आणि दोघी ढेपाळतात. हे सगळं मंचावर चूक ठरतं. घरच्या फुगडीत त्याचसाठी तर खेळायचं असतं.

म्हणून मंचावरच्या गटांना माझी विनंती आहे की कार्यक्रम जरूर करा, पण तो संपल्यावर खुर्च्या बाजूला सारा आणि पाहायला आलेल्यांचे हात धरा.

कुणाचे हात धरायचे, याबद्दलही बोललं पाहिजे. मंगळागौर सुवासिनींची, भुलाबाई कुमारिकांची, आणि वैधव्य आलेली बाई दोन्हीकडून बाजूला बसलेली. हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे आणि अजूनही काही घरांत दिसतं. पूजेचं काय करायचं ते ज्या-त्या घराने ठरवावं. फुगडीला मात्र तो नियम लावायचं काही कारण नाही, आणि परंपरेचंच नाव घ्यायचं तर परंपरेत त्याचं उत्तरही आहे. एकनाथांच्या भारुडांत फुगडी आहे, पिंगा आहे. तुकारामांच्या गाथेत फुगडी, टिपरी, हमामा, विटीदांडू, हुतुतू अशा खेळांवरचे अभंग आहेत. संतांनी हा खेळ उगाच निवडला नाही; त्यात दोघी एकमेकींच्या भारावर उभ्या असतात, तिथे लहान-मोठं उरत नाही. आणि वारीत आजही फुगडी घातली जाते, ती कुणी कुणाला विचारून घातली जात नाही. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला पायी जाते, तिच्या वाटेवर आमच्या विदर्भातली माणसं महिनाभर असतात. मुक्कामाला पोचल्यावर टाळ-मृदंगाच्या गजरात फुगड्या रंगतात. पुरुष पुरुषांशी घालतात, सासू सुनेशी घालते, कपाळाला कुंकू नसलेली म्हातारी कॉलेजातल्या पोरीशी घालते. फुगडी सुरू करताना दोघी एकमेकींना नमस्कार करतात आणि संपल्यावर पुन्हा पाया पडतात. वय, नातं, मान काहीच आड येत नाही. आमच्या गच्चीवर आम्ही हीच रीत ठेवली आहे, आणि सोसायटीतले दोन-तीन बाप आपल्या लेकींशी फुगडी घालायला येतात त्यांचंही स्वागत आहे.

बाकी मुद्दे थोडक्यात. जमीन फार महत्त्वाची. सारवलेलं अंगण फुगडीला उत्तम, कारण पाय त्यावर सरकतो आणि धरतोही. शहाबादी फरशी चालते. चकचकीत टाइल्सवर पाय सटकतो, आणि गच्चीच्या खरखरीत कोब्यावर चवड्याची साल निघते. तिथे जुनी सतरंजी ताणून खाली खिळवावी किंवा पार्किंगमधली गुळगुळीत जागा पाहावी. मोजे घालून कधीही फिरू नये. कपाटाचा कोपरा, कुंडी, पायरी यांपासून चारी बाजूंनी दीड-दोन हात नव्हे, पूर्ण एक माणूस आडवं पडेल एवढी जागा मोकळी ठेवावी. गरोदरपणात, भोवळ येण्याचा त्रास असेल तर, आणि खांदा पूर्वी कधी निखळला असेल तर फुगडी खेळू नये. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच पाहावं. आश्विनातलं आमचं ऊन नागपूरकरांना सांगायला नको. सूर्य मावळल्यावरच खेळावं आणि आधी पाणी प्यावं.

गाणी मुद्दाम दिलेली नाहीत. ती घरोघरी वेगळी असतात आणि तुमच्या घरची तुमच्या आजीकडे, आत्याकडे, मावशीकडे आहेत. त्यांच्याकडून घ्या, त्या निमित्ताने त्यांचे हातही धरायला मिळतील. सत्तरीतल्या बाईने फेऱ्या मारल्याच पाहिजेत असं नाही. ती जागेवर उभी राहून तुमचा भार हातांत घेईल आणि कोपर वाकलेत की सांगेल. पहिलं प्रकरण अशाच कुणाबरोबर करावं, समवयस्क मैत्रिणीबरोबर नको, कारण दोघीही नवख्या असल्या की दोघीही ओढतात.

पुस्तकाचा क्रम बदलू नये. पहिल्या प्रकरणात झुकणं, दुसऱ्यात सावकाश फेऱ्या आणि थांबणं, तिसऱ्यात वेग. त्यानंतरच बसफुगडी, दंडफुगडी, नखुल्या आणि बाकीचे प्रकार. दंडफुगडीत हात एकमेकींच्या दंडांवर असतात आणि अंतर कमी होतं, त्यामुळे ती सोपी वाटते आणि मुली आधी तिच्याकडे धावतात. अंतर कमी झालं की फिरकी जलद होते, हे लक्षात ठेवावं. नखुल्यांत तर फक्त दुमडलेली बोटं एकमेकींत अडकवलेली असतात; त्या प्रकाराला दोघींना एकमेकींचा हात पुरता माहीत असल्याशिवाय लागू नये. भुलाबाई बसायच्या आधी साधारण महिनाभर, आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी सराव केला तर साधी फुगडी कोजागरीपर्यंत नीट लागते. पहिल्या दिवशी दंड दुखतील. दुखले तर समजावं की अजून ओढणं सुटलेलं नाही, आणि पुन्हा पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करावी.